बाजारातला बाळंतविडा

तालुक्याच्या बाजाराला तुम्ही-आम्ही सगळेच जातो. मीठ-मिरची घेतो, बियाणे घेतो, चहा पितो आणि परत येतो. दुकान म्हणजे पैसे देऊन वस्तू घ्यायची जागा, एवढेच आपल्याला ठाऊक असते. पण एका दुकानात गिऱ्हाईक बसते, काम करते आणि केलेले काम दुसऱ्याला देऊन टाकते. ते दुकान लोकरीचे आहे. त्याची हकीकत आज सांगतो.

आमचा भाग नाशिक जिल्ह्यातला, द्राक्षांचा. इकडे थंडी कडक. निफाडकडे तर पौष-माघात पारा कधी कधी 5 अंशांच्याही खाली उतरतो. म्हणून आमच्या बाजारात लोकरीच्या दुकानाला गिऱ्हाईक पुष्कळ. दुकान लहानच आहे. भिंतीला फळ्या, फळ्यांवर रंगीबेरंगी गुंडे, पुढे एक सतरंजी. दुकानदाराची आई गल्ल्याशेजारी बसते. तिला सगळे आक्का म्हणतात.

आमची मंडळी बाजारच्या दिवशी त्या सतरंजीवर जाऊन बसते. आम्ही पिशव्या सांभाळत बाहेरच्या बाकावर बसतो. मुख्याध्यापकी सुटल्यापासून आम्हाला वेळच वेळ आहे. बाकावर बसून जे पाहिले, ऐकले, तेच येथे लिहिले आहे.

सतरंजी कशी भरली

पूर्वी बाया लोकर घ्यायच्या आणि निघून जायच्या. एखादीचा टाका चुकला की ती परत यायची. आक्का सुया हातात घेऊन दाखवायची, "हे बघ गं, सुलट झाला, आता उलट घे." एक शिकायला बसली की दुसरी बघायला थांबायची. अशी सतरंजी भरली. कोणी मळ्यात कामाला जाणारी, कोणी बचत गटातली, कोणी शिक्षकाची बायको. बोलणेही चाले. कोणाच्या सुनेला दिवस गेले, कोणाच्या मुलीला स्थळ आले, कोणत्या बँकेत कर्जाचा कागद अडला. विणता विणता एकीची अडचण चौघींना कळे आणि चौघींतली एखादी वाट सांगे.

एका मार्गशीर्षात सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई धावत दुकानात आल्या. म्हणाल्या, "आक्का, बाळाचं टोपडं आहे का हो तयार? असेल तसं द्या."

रात्री एक बाई वस्तीवरून जीपमधून आली होती. बाळ दिवसांआधी झाले होते. वजन दोन किलोही नव्हते. आईच्या जुन्या लुगड्यात ते गुंडाळलेले होते आणि अंग गार पडू लागले होते. नर्सबाईंनी बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरवले, वरून पांघरूण घातले. पण डोक्याला काही नव्हते. आक्काने नातवासाठी विणलेले टोपडे काढून दिले.

ते बाळ जगले. आज ती पोरगी अंगणवाडीत जाते. एका टोपड्याने ती जगली असे आम्ही म्हणणार नाही. आईची ऊब, आईचे दूध आणि नर्सबाईंची धावपळ यांनी ती जगली. पण त्या दिवशी सतरंजीवरच्या सगळ्या बाया गप्प झाल्या. मग एक म्हणाली, "आपण एवढ्या जणी बसतो. दवाखान्यात दहा टोपडी नेहमी ठेवायला काय हरकत?" तेथून काम सुरू झाले.

आपल्याकडे बाळंतविडा द्यायची चाल जुनीच आहे. टोपडे, झबले, मोजे, दुपटे. पण तो आपण आपल्या लेकीला, भाचीला देतो. या बायांनी ठरवले, की जिला माहेरचे कोणी आणणारे नाही, तिलाही बाळंतविडा मिळावा.

बाळ गार का पडते

मोठी भाकरी आणि भाकरीचा तुकडा एकाच वेळी तव्यावरून काढा. तुकडा आधी निवतो. बाळाचेही तसेच. अंग जितके लहान, तितकी त्यातली ऊब लवकर जाते. त्यातून बाळ जन्मते तेव्हा ओले असते. ओल सुकताना अंगातली ऊब घेऊन जाते. आणि बाळाच्या अंगाच्या मानाने डोके मोठे असते, म्हणून उघड्या डोक्यातून पुष्कळ ऊब जाते.

बाळाच्या अंगाचे तापमान साडेछत्तीस ते साडेसदतीस अंश असावे. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला ते राखणे जड जाते. म्हणून जन्मल्याबरोबर बाळ कोरडे करावे, आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरावे, डोक्याला टोपडे घालावे, लवकर अंगावर पाजावे. पहिली आंघोळ एक दिवस तरी लांबवावी. बाळाला आईच्या छातीशी धरून ठेवण्याची ही रीत 1978 साली कोलंबिया देशातील बोगोटा शहराच्या दवाखान्यात सुरू झाली. आता जगभरचे डॉक्टर ती सांगतात.

लोकरीने ऊब कशी मिळते, तेही समजून घेऊ. लोकर स्वतः उष्णता निर्माण करत नाही. तिच्या केसांच्या गुंत्यात हवा अडकून राहते. ती हवा आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही. म्हणून फार घट्ट विणलेल्या टोपड्यापेक्षा मऊ, फुगीर विणलेले टोपडे अधिक ऊबदार असते.

कोणती लोकर घ्यावी

आपल्या धनगरांच्या दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी असते. तिची घोंगडी उत्तम होते. पावसात, थंडीत घोंगडीसारखा सोबती नाही. पण ती बाळाच्या कातडीला टोचते. मेरिनो जातीच्या मेंढीची लोकर फार मऊ असते, पण महाग पडते. बाजारात जी स्वस्त लोकर मिळते, ती बहुधा मेंढीची नसतेच. ती कारखान्यात रसायनापासून केलेली असते. तिला अॅक्रिलिक म्हणतात.

ओळखायचे कसे? बोटभर धागा चिमट्यात धरून जाळून पाहा. मेंढीची लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख चिमटीत चुरडते. अॅक्रिलिक वितळते आणि त्याचा कडक मणी होतो.

हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आपल्याकडे बाळ-बाळंतिणीजवळ शेगडी ठेवतात, धुरी देतात. अॅक्रिलिकचे झबले घातलेले बाळ विस्तवाजवळ कधीही नेऊ नये. ठिणगी पडली तर ते कापड वितळून अंगाला चिकटते. शिवाय धूर बाळाच्या छातीलाही वाईटच.

धुण्याचीही रीत आहे. मेंढीच्या लोकरीच्या केसाला बारीक खवले असतात. गरम पाण्यात चोळली की ते एकमेकांत अडकतात आणि कपडा आटतो. म्हणून ती गार पाण्यात, न चोळता धुवावी आणि सावलीत पसरून वाळवावी.

रंगाची एक गोष्ट. गुंड्याच्या चिठ्ठीवर रंगाच्या घाणीचा नंबर असतो. दुकानदार त्याला लॉट म्हणतात. एका कपड्याला लागणारे सगळे गुंडे एकाच लॉटचे घ्यावेत, नाहीतर अर्धे झबले गडद आणि अर्धे फिके दिसते. चिठ्ठी वाचता येते तिची फसगत होत नाही.

टाक्यांचे त्रैराशिक

पहिल्या वर्षी बायांनी हौसेने टोपडी विणली. आक्काने सांगितले, "66 टाके घाला." सगळ्यांनी 66 घातले. टोपडी दवाखान्यात गेली आणि कित्येक परत आली. काही बाळाच्या डोक्यात जाईनात. काही नाकापर्यंत खाली येत, म्हणजे जिवालाच धोका.

आक्का चक्रावली. आम्हाला बाहेरून हाक आली, "गुरुजी, जरा आत या. टाके मोजून घातले, मग असं कसं?"

आम्हाला विणता येत नाही, पण त्रैराशिक येते. आम्ही म्हणालो, प्रत्येकीने एक पट्टी विणा आणि 10 सेंटिमीटरात किती टाके बसतात ते मोजा. आक्काच्या पट्टीत 22 बसले. एका घट्ट हाताच्या बाईच्या पट्टीत 26 बसले. एका सैल हाताच्या मुलीच्या पट्टीत 18च. लोकर एक, सुया एक, हात निराळे!

बाळाच्या डोक्याचा घेर सुमारे 34 सेंटिमीटर असतो. विणकाम ताणते, म्हणून टोपडे 30 सेंटिमीटरचे करावे. आक्काला 22 गुणिले 3, म्हणजे 66 टाके बरोबर. घट्ट हाताच्या बाईला 26 गुणिले 3, म्हणजे 78 हवेत. ती 66 घालील तर टोपडे 25 सेंटिमीटरचेच होईल. सैल हाताच्या मुलीला 54 पुरे. ती 66 घालील तर ते 36 सेंटिमीटरच्याही वर जाईल.

तेव्हापासून प्रत्येकीचा आकडा वहीत लिहिलेला आहे. मळ्यातली एक म्हातारी म्हणाली, "म्हंजी गुरुजी, ज्याचा त्याचा हात, ज्याचा त्याचा हिशेब." आम्ही म्हणालो, अगदी बरोबर.

वजनाने दिले, वजनाने घेतले

दुसऱ्या वर्षी वर्गणी काढून लोकर घेतली. आणि जेथे वर्गणी, तेथे संशय. साध्या टोपड्याला 25 ग्रॅम लोकर लागते. एका मजूर बाईने 50 ग्रॅमचे 10 गुंडे घरी नेले होते. तिची 20 टोपडी यायला हवीत. तिने 12च आणली.

कोणी तोंडावर बोलले नाही. मागून बोलल्या, "आठ टोपड्यांची लोकर गेली कुठं? पोराला स्वेटर केला असंल." शब्द तिच्या कानावर गेला. ती यायची बंद झाली.

आक्काला चैन पडेना. दुकानात तराजू होताच. तिने ती 12 टोपडी त्यात टाकली. भरली 480 ग्रॅम. म्हणजे एकेक 40 ग्रॅमचे. त्या बाईने कानावर दुहेरी पट्टी विणली होती. तिच्या स्वतःच्या बाळाला कानाचा फार त्रास झाला होता, म्हणून. आणि टोपड्यांबरोबर तिने तुकड्यांची पिशवी परत दिली होती. ती कोणी उघडलीच नव्हती. तिच्यात 20 ग्रॅम तुकडे होते. 480 आणि 20, झाले 500. एक धागाही गेला नव्हता.

आक्का आणि दोघी जणी तिच्या वस्तीवर गेल्या. आक्का वयाने मोठी, पण तिने हात जोडले. म्हणाली, "बाई, चूक आमची. आम्ही मोजायच्या आधी बोललो." ती बाई पुष्कळ वेळ काही बोलली नाही. मग आत जाऊन तिने चहा ठेवला.

त्या दिवसापासून नियम झाला. लोकर वजन करून द्यायची, काम वजन करून घ्यायचे, तुकडेही तोलायचे आणि सगळे सर्वांसमोर वहीत लिहायचे. नियम आक्कालाही लागू. वही कोण लिहिते ठाऊक आहे? तीच बाई. तेव्हा तिला अक्षर येत नव्हते. ती दोऱ्याला गाठी मारून हिशेब ठेवी. त्या पावसाळ्यात ती साक्षरता वर्गाला बसली. आता ती नाव, वजन आणि तारीख लिहिते. अक्षर जरा वाकडे आहे, पण हिशेब सरळ आहे.

विणताना जपायच्या गोष्टी

टोपड्याला गळ्याशी लांब नाडी लावू नये, गळ्याला फास बसतो. बटणे, मणी लावू नयेत, बाळ तोंडात घालते. मोजे उलटे करून आत सुटे धागे नाहीत ना ते पाहावे. सुटा धागा बाळाच्या बोटाला गुंडाळला तर बोटाचे रक्त अडते. नवा कपडा धुऊनच घालावा. आणि उन्हाळ्यात, घाम येत असताना लोकर घालू नये. बाळाला गारठा वाईट, तसा उकाडाही वाईट.

थेंबे थेंबे

2016 साली चेन्नईत बायांच्या एका संघाने क्रोशाची एक चादर केली. प्रत्येकीने आपापल्या घरी चौकोन विणले, मग ते जोडले. चादर भरली 11,148 चौरस मीटरांच्या वर, म्हणजे पावणेतीन एकर! जगातली सर्वांत मोठी म्हणून त्या वेळी तिची नोंद झाली. एकटीने जन्मभर विणली असती तरी ती झाली नसती.

आमच्या बाजारातले काम एवढे मोठे नाही. श्रावण-भाद्रपदात मळ्यात काम कमी, तेव्हा बाया विणतात. द्राक्षांची छाटणी सुरू होण्याआधी टोपडी तयार होतात. मार्गशीर्ष लागला की दवाखान्याच्या कपाटात बाळंतविडे रचलेले असतात. कोणाचे बाळ ते घालणार, हे विणणारीला ठाऊक नसते.

तुमच्या गावात लोकरीचे दुकान नसेल. शिंप्याचे असेल, पिठाची गिरणी असेल, देवळाची ओसरी असेल. चार माणसे जेथे रोज जमतात, तेथे असे काम निघू शकते. त्याला एक सतरंजी, एक तराजू आणि एक वही लागते. वही लिहायला तुम्ही आता शिकलाच आहात.

हिशेब करून पाहा

1. एका बाईच्या पट्टीत 10 सेंटिमीटरात 20 टाके बसतात. 30 सेंटिमीटरच्या टोपड्याला तिने किती टाके घालावेत?

2. एकीने 350 ग्रॅम लोकर नेली. तिने 25 ग्रॅमची 13 टोपडी आणली. तिने किती ग्रॅम तुकडे परत आणले पाहिजेत?