ऋणनिर्देश कोण वाचतो?

ग्रंथ हाती आला म्हणजे अभ्यासक प्रथम अनुक्रमणिका पाहतो, मग सूची चाळतो, आणि आपल्या कामाचे प्रकरण सापडले की तेथूनच वाचावयास लागतो. प्रस्तावना वाचणारे थोडे. ऋणनिर्देश वाचणारे त्याहूनही थोडे, असा सर्वसाधारण समज आहे. ज्यांची नावे त्यात आली ते आणि ज्यांना आपले नाव यावयास हवे होते असे वाटते ते, एवढेच त्याचे वाचक, असे विनोदाने म्हटले जाते. हा विनोद सर्वस्वी खोटा नाही. तथापि भाषेच्या अभ्यासकाने तरी हे पृष्ठ ओलांडून पुढे जाऊ नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्याची कारणे येथे थोडक्यात मांडावयाची आहेत.

प्रथम शब्दांचाच विचार करू. ‘आभार’ या शब्दात ‘भार’ उघड दिसतो, आणि ‘मानणे’ म्हणजे येथे मान्य करणे. तेव्हा आभार मानणे म्हणजे दुसऱ्याने केलेल्या साहाय्याचा भार आपल्यावर आहे अशी कबुली देणे. तो उतरविणे नव्हे. ‘ऋण’ या शब्दामागेही जुनी कल्पना आहे. वैदिक परंपरेने देवऋण, ऋषिऋण व पितृऋण अशी तीन ऋणे मानली, आणि त्यांपैकी ऋषिऋण अध्ययनाने फेडावयाचे असते. हे ध्यानात घेतले म्हणजे मराठी ग्रंथांतून वारंवार भेटणारे एक वाक्य विचित्र वाटू लागते. अमुक व्यक्तीचे आभार मानून तिच्या ऋणातून मुक्त होण्याची लेखकाची इच्छा नाही, असे ते वाक्य असते. वस्तुतः आभार मानल्याने कोणीच मुक्त होत नाही. या वाक्याचा परिणाम मात्र एकच होतो: त्या व्यक्तीने नेमके काय केले, हे सांगावयाचे राहून जाते.

ऋणनिर्देशातील वाक्यांचे दोन प्रकार करता येतात. जे. एल. ऑस्टिन यांनी 1955 साली हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या आणि 1962 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत असे दाखविले, की काही वाक्ये वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाहीत, तर उच्चारली जाताच एखादी कृती पार पाडतात. ‘मी आपला आभारी आहे’ हे वाक्य त्या वर्गातील आहे. त्याची सत्यासत्यता कोणी तपासावयास जात नाही. ‘त्यांनी तिसऱ्या प्रकरणाचा कच्चा खर्डा वाचून उदाहरणे तपासली’ हे वाक्य निराळे आहे. ते माहिती देते, आणि ती माहिती खरी किंवा खोटी असू शकते. वाचक कंटाळतो तो पहिल्या प्रकाराला. ऋणनिर्देश वाचला जात नाही, याचे एक कारण बहुधा असे की आपण त्यात पहिल्या प्रकारची वाक्येच अधिक लिहितो.

या लेखनाला साचा आहे, हे सप्रमाण दाखविले गेले आहे. केन हायलंड यांनी 2004 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हाँगकाँगमधील विद्यार्थ्यांच्या 240 प्रबंधांतील ऋणनिर्देश तपासले. आरंभी अनुभवाचे चिंतन, मध्ये प्रत्यक्ष आभार, शेवटी दोषांची जबाबदारी किंवा अर्पण, असा त्यांचा क्रम त्यांना आढळला. आपल्या विभागातील कोणताही प्रबंध उघडला तरी हा क्रम ओळखीचा वाटेल. परंतु साच्यातही कोणाचे नाव येते व कोणाचे गळते, हे पाहण्यासारखे असते. 2017 साली व्हर्जिनिया विद्यापीठातील ब्रूस होल्सिंगर यांनी जुन्या इंग्रजी ग्रंथांतील असे उतारे समाजमाध्यमावर मांडले, की ज्यांत संपूर्ण हस्तलिखित टंकलिखित करणाऱ्या पत्नीचे आभार तिचे नाव न देताच मानलेले होते.

भाषाविज्ञानात या गोष्टीला शिष्टाचारापलीकडचे महत्त्व आहे. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या शीर्षकपृष्ठावर त्यांचे आणि साहाय्यक म्हणून जॉर्ज व थॉमस कँडी यांचे नाव आहे. शब्द जमविणाऱ्या शास्त्रीमंडळींच्या कामाची हकीकत कळण्यासाठी प्रस्तावनेकडेच वळावे लागते. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड 1905 साली निघाला. त्यातील नमुने जिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांमार्फत मागविले गेले होते. नमुन्यावर बोलीचे व जिल्ह्याचे नाव असते. ज्याच्या तोंडचे ते शब्द, त्याचे नाव सहसा नसते. तो शेतकरी होता की कचेरीतील लिहिणारा, हे कळले नाही तर एखादे रूप त्या बोलीचे मानावे की प्रमाणभाषेच्या प्रभावाचे, हा प्रश्न अनिर्णित राहतो.

येथे प्रस्तुत लेखकाने स्वतःची चूक सांगणे उचित होईल. किनारपट्टीवरील एका गावच्या बोलीची सामग्री जमविताना सर्वाधिक साहाय्य सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंचे झाले. मासळी वाळत घालताना त्या बोलत, आणि आम्ही एखादे रूप चुकीचे उच्चारले की हात न थांबविता दुरुस्त करीत. नामांच्या सामान्यरूपांवरील एक प्रकरण त्यांच्या दुरुस्त्यांवरच उभे आहे. ऋणनिर्देशात मार्गदर्शक, सहकारी, ग्रंथपाल आणि अक्षरजुळणी करणारे यांची नावे आली. बाईंच्या वाट्याला मात्र ‘ग्रामस्थांचे सहकार्य लाभले’ एवढेच वाक्य आले. या वाक्याचा कर्ता ‘सहकार्य’ आहे. ज्यांनी ते केले, ती माणसे षष्ठीत गेली. पुढे बाईंची नात पदव्युत्तर वर्गात आली. तिने ग्रंथालयातून तो प्रबंध काढला, आरंभीची पृष्ठे दोनदा उलटली आणि विचारले, “सर, आजीचं नाव कुठे आहे?” बाई तोवर निवर्तल्या होत्या. तिला देण्याजोगे उत्तर लेखकापाशी नव्हते, आजही नाही.

यावर आक्षेप येऊ शकतो, की निवेदकांची नावे गुप्त राखावयाची असतात. आक्षेप रास्त आहे, आणि कित्येकदा तसे करणे आवश्यकही असते. परंतु नाव गुप्त ठेवणे आणि नाव देण्याचे न सुचणे या भिन्न गोष्टी होत. निवेदकाला विचारावे. त्याची इच्छा नसेल तर तसे नमूद करावे, आणि वय, व्यवसाय, गाव यांपैकी ओळख उघड न करणारा तपशील द्यावा. बाईंना कोणी विचारलेच नव्हते.

आज ‘शोधगंगा’ या संग्रहात प्रबंधाचे भाग स्वतंत्र ठेवलेले असतात आणि ऋणनिर्देशही पुष्कळदा वेगळाच असतो. हवे तेवढे प्रकरण उतरवून घेणाऱ्या वाचकाच्या दृष्टीस तो पडतही नाही. म्हणून विद्यार्थ्यांना दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. बोलीविषयक प्रबंध वाचताना सामग्रीच्या प्रकरणाबरोबर ऋणनिर्देशही वाचावा. लिहिताना प्रत्येक नावापुढे त्या व्यक्तीने केलेले काम एका वाक्यात लिहावे. आणि ते काम सामग्रीविषयी असेल, तर ते त्या प्रकरणातही पुन्हा नोंदवावे. हे पृष्ठ वाचणारे थोडे असतील. परंतु त्या थोड्यांपैकी एखादा आपल्या माणसाचे नाव शोधत आलेला असतो.