एकाचे शब्द, दुसरीची वाक्यं

आमच्याकडे जालन्याला एकाच घरात दोन मुलं बोलायला शिकली, पण दोन तऱ्हांनी. मोठा वर्षाचा असताना बोट दाखवून ‘काऊ’, ‘मम्म’, ‘भूभू’ असा एकेक शब्द बोलायचा. धाकटीचं निराळंच. दीड वर्षाची झाली तरी नुसती सुरातली गुणगुण! सासूबाई म्हणायच्या, “बोलेल गं, घाई कशाला?” जाऊबाई म्हणायच्या, “डॉक्टरांना दाखव.” शाळेत मी दुसऱ्यांच्या मुलांना शिकवायची आणि रात्री काळजीनं जागी राहायची. शेवटी तिचे कान तपासून घेतले. ते चांगले निघाले.

मग एकदा दाराची कडी वाजली आणि ती म्हणाली, “कोनाय?” तहान लागली की म्हणायची, “तुला पानी पाहिजे?” अहो, आम्ही तिला हेच तर विचारत होतो! गुणगुण म्हणजे आमचीच अख्खी वाक्यं होती, सुरासकट उचललेली.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कॅथरिन नेल्सन यांनी १९७३ साली १८ मुलांच्या बोलण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही मुलं आधी वस्तूंची नावं शिकतात, तर काही माणसांशी बोलण्यातले तयार तुकडे उचलतात, असं त्यांना दिसलं. बरीच मुलं दोन्ही करतात. एक मूल विटा रचत जातं, दुसरं तयार भिंत आणून मग तिच्या विटा सुट्या करतं, एवढंच.

तुमचंही मूल असं असेल तर त्याला हसू नका. “तुला पाणी पाहिजे?” म्हणालं, तर “मला पाणी पाहिजे” असं त्याच्या वतीनं म्हणा आणि पेला द्या. ‘चल जेवू’, ‘चल झोपू’ अशी छोटी, थोडीथोडी बदलणारी वाक्यं बोला. घरात मराठीबरोबर हिंदी, उर्दू किंवा मारवाडी असली तरी बिघडत नाही. शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मोजा. मोबाईलवरची गाणी मात्र मुलाला उत्तर देत नाहीत, ते आपणच द्यायचं.

पण ‘बोलेल आपोआप’ म्हणून स्वस्थही बसू नका. मूल आवाजाकडे वळत नसेल, वर्षाचं होऊनही बा-बा, दा-दा करत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडत नसेल किंवा येत असलेले शब्द गेले असतील, तर डॉक्टरांना दाखवा आणि आधी कान तपासून घ्या. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी मोफत होते. अंगणवाडीताईंना विचारा, त्यात संकोच कसला?

आमच्या धाकटीची भिंत एका संध्याकाळी सुटी झाली. कडी वाजली. “कोनाय?” म्हणत ती दाराशी धावली, वर पाहिलं आणि स्वतःच उत्तरली, “बाबाय!” हे वाक्य तिला कोणी शिकवलं नव्हतं.