दोष यंत्राचा की सूचनेचा?

नव्या कारकुनाला सूचना उमगली नाही, तर तो शेजारच्या मेजावर विचारतो. कृत्रिम बुद्धिमत्तेचा ‘एजंट’ मात्र बहुधा विचारीत नाही. साधनाच्या वर्णनात जे लिहिलेले नसेल, ते तो अंदाजाने भरून काढतो. अँथ्रॉपिक कंपनीने २०२४ साली एक अनुभव नमूद केला. मूळ फोल्डर सोडून गेलेला एजंट फाइलचा अपुरा पत्ता देऊन चुकत असे. प्रत्येक वेळी संपूर्ण पत्ताच द्यावा, अशी अट साधनात घालताच ती चूक थांबली. एजंट तोच होता. बदलली होती ती अट. प्रश्नच संदिग्ध असेल, तर चुकलेल्या उत्तराचा दोष विद्यार्थ्याच्या माथी कसा मारावा? फाइली पुसण्याचे अधिकारही आज एजंटांना मिळू लागले आहेत. अशा वेळी लेखकाच्या आळसाची किंमत तिसऱ्याच माणसाला मोजावी लागेल.