गळ्याची गाठ आणि सुईची भीती

मंगळसूत्र घालताना किंवा दाढी करताना कंठमण्याखाली गाठ हाताला लागते. उल्हासनगर, अंबरनाथ असो की बदलापूर, सोनोग्राफी जवळच होऊन जाते. गाडी अडते ती पुढे, डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘एफएनएसी’, म्हणजे बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून करायची तपासणी, लिहिल्यावर. ‘सुई टोचली की गाठ चिघळते, कॅन्सर पसरतो,’ असं शेजारपाजारचं कुणीतरी सांगतं आणि चिठ्ठी कपाटात पडून राहते. ही भीती घालवायलाच हवी. अशा गाठी बहुधा गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीच्या असतात, आणि बारीक सुईमुळे थायरॉइडचा कॅन्सर पसरल्याची उदाहरणं अत्यंत विरळ आहेत. उलट ही सुई अनेकांचं ऑपरेशन टाळते.

थायरॉइडच्या शंभरातल्या नव्वदहून अधिक गाठी साध्या असतात. म्हणून प्रत्येक गाठीला सुई लागत नाही. आधी टीएसएच ही रक्ततपासणी होते. मग सोनोग्राफीत गाठीचं रूप पाहतात: ती पाण्याने भरलेली आहे की घट्ट, कडा सरळ आहेत की वेड्यावाकड्या, आत चुन्याचे बारीक ठिपके आहेत का, ती रुंदीपेक्षा उंच आहे का. २०१७ साली अमेरिकेतल्या रेडिऑलॉजिस्टांच्या संस्थेने या खुणांना गुण देणारी ‘टायरॅड्स’ पद्धत मांडली. तिच्यानुसार फार संशयास्पद गाठ १ सेंटिमीटरची झाली की सुई सुचवतात. कमी संशयाची असेल, तर २.५ सेंटिमीटरपर्यंत थांबता येतं.

हा संयम किती गरजेचा आहे, ते दक्षिण कोरियाने दाखवून दिलं. तिथे सरसकट सोनोग्राफी सुरू झाली आणि १९९३ ते २०११ या काळात थायरॉइड कॅन्सरचं निदान १५ पट वाढलं. मृत्यूंचं प्रमाण मात्र जवळजवळ होतं तेवढंच राहिलं.

प्रत्यक्ष तपासणी थोडक्यात आटोपते. खांद्याखाली उशी देऊन मान मागे झुकवतात आणि गळ्यावर गार जेल लावतात. रक्त काढायच्या सुईपेक्षाही बारीक सुई आत जाते, तेव्हा डॉक्टरांची नजर सोनोग्राफीच्या पडद्यावर असते. सुईचं टोक तिथे चमकतं. शेजारची मोठी रक्तवाहिनी आणि श्वासनलिका टाळून नेमका गाठीचा घट्ट भाग गाठता येतो. तेवढे काही क्षण बोलायचं नाही, आवंढा गिळायचा नाही. असं दोनतीनदा करून पेशी काचेवर पसरतात. थोडा वेळ कापूस दाबून धरला की घरी जाता येतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर ते आधी सांगायला विसरू नका.

रिपोर्टवर ‘बेथेस्डा’ आणि १ ते ६ मधला एक आकडा असतो. २००७ साली अमेरिकेतल्या बेथेस्डा इथे झालेल्या परिषदेतून ही विभागणी आली. १ म्हणजे पेशी पुरेशा मिळाल्या नाहीत. घाबरायचं कारण नाही, बहुधा पुन्हा सुई घ्यावी लागते. २ म्हणजे साधी गाठ. ठरावीक काळाने सोनोग्राफी करत राहायचं. ५ म्हणजे दाट संशय आणि ६ म्हणजे कॅन्सर. ३ आणि ४ हे अनिश्चित. काही गाठींत कॅन्सर आहे की नाही, हे पेशींनी गाठीचं आवरण फोडलंय का यावर ठरतं आणि ते सुईला दिसत नाही. तेव्हा हा आकडा तज्ज्ञासमोर बसूनच समजून घ्यावा.

पुढचे उपचार लागलेच, तर आपल्याकडचे अनेकजण लोकलने परळ गाठतात. तिथे १९४१ पासून टाटा मेमोरियल रुग्णालय आहे आणि किरणोत्सारी आयोडीनचे उपचार देणारं भाभा अणुसंशोधन केंद्राचं विकिरण औषधी केंद्र १९६३ पासून. जाताना नुसता रिपोर्ट नेऊ नका. पॅथॉलॉजी लॅबमधून त्या काचा मागून घ्या आणि नीट गुंडाळून सोबत न्या. तिथले डॉक्टर त्या पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली पाहू शकतात, आणि दुसऱ्यांदा सुई टोचण्याची वेळ कदाचित येणारही नाही.