तांब्याच्या थरातल्या चुंबकीय लहरी

काय मोजतात, कशाने मोजतात

• मूळ पदार्थ : लँथॅनम-कॉपर-ऑक्साइड. शुद्ध स्थितीत विद्युतरोधक. शेजारशेजारच्या तांब्याच्या अणूंचे स्पिन उलटसुलट. ही प्रतिलोहचुंबकीय मांडणी साधारण ३२५ केल्विनपर्यंत टिकते.

• मॅग्नॉन : या मांडणीतून धावणारी स्पिनची लहर. ऊर्जा सुमारे ३०० मिलिइलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत. खोलीच्या तापमानाची उष्मा-ऊर्जा जेमतेम २५.

• भेसळ केल्यावर : दर तांब्यामागे ०.०२ ‘होल’ (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) पुरतात. दूरवरची चुंबकीय शिस्त मोडते. अतिसंवाहकता ०.१६ च्या आसपास सर्वांत बळकट. शिस्त मोडली तरी लहरी उरतात, फक्त विस्कटलेल्या. लक्षात ठेवायची गोष्ट हीच.

• ४१ चे शिखर : इट्रियम-बेरियम-कॉपर-ऑक्साइड ९३ केल्विनखाली (उणे १८० सेल्सिअस) अतिसंवाहक होते. त्याच सुमारास न्यूट्रॉन प्रकीर्णनाच्या आलेखात ४१ मिलिइलेक्ट्रॉन व्होल्टपाशी टोकदार शिखर उभे राहते. पहिली नोंद १९९१, रोसा-मिन्यो आणि सहकारी, फ्रान्स. हे शिखर अतिसंवाहकतेतल्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जुळण्याचे कारण की परिणाम, यावर एकमत नाही.

• साधन : न्यूट्रॉनला विद्युतभार नाही, पण चुंबकीय आघूर्ण आहे, म्हणून तो थेट स्पिनशी टक्कर घेतो. मात्र नमुना ग्रॅममध्ये लागतो. क्ष-किरण प्रकीर्णनाला कणभर पुरतो.

• आपल्याकडे : तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातली ध्रुव अणुभट्टी, १९८५, १०० मेगावॉट. न्यूट्रॉन प्रकीर्णनाची राष्ट्रीय सुविधा इथेच.

• सनावळी : १९८६ बेडनोर्झ व म्युलर यांचा तांब्याच्या ऑक्साइडांतील अतिसंवाहकतेचा शोध, १९८७ नोबेल.