विसावा भाग कुठे जातो?

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि त्याच सुमारास आपल्या सिंदेवाही भागात धानाचा रोवणा लागतो. दिवसभर बांधीत वाकलेल्या आयाबहिणी संध्याकाळी विहारात ग्रंथवाचनाला येतात. वंदना आटोपली की पायऱ्यांवर त्यांचे दुसरेच बोलणे सुरू होते. बियाण्याला पैसे कुठून आणले, फायनान्सवाल्याचा हप्ता कोणत्या वारी, पोरीची फी कशी भरायची. मी चटया गोळा करीत असतो, म्हणून कानावर येते. वाटते, हे बोलणे पायऱ्यांवर का? विहाराच्या आत का नाही?

भगवान बुद्धांनी ते आतच घेतले होते. आळवी गावचा एक गरीब शेतकरी हरवलेला बैल शोधून उपाशीपोटी उपदेश ऐकायला आला. बुद्धांनी त्याला आधी जेवू घालायला लावले आणि मगच धम्म सांगितला. कूटदंत सुत्तात राज्यातल्या चोऱ्या थांबविण्याचा उपाय म्हणून शेतकऱ्याला बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि नोकराला वेतन द्यावे असे सांगितले आहे. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग आहेत : एक खर्चाला, दोन धंद्याला, एक अडीअडचणीला. मी बी.कॉम. झालो, पण घरखर्चाचा इतका सोपा हिशेब मला कॉलेजात कोणी शिकवला नाही.

बाबासाहेबांनीही हिशेबच सांगितला. 15 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरच्या भाषणात त्यांनी प्रत्येकाने मिळकतीचा विसावा भाग धम्मकार्याला द्यावा असे सांगितले आणि दुसऱ्याच दिवशी ते दीक्षा द्यायला आपल्या चंद्रपुरात आले. आता आकडे मांडू. महिना 8,000 रुपये मिळकत असलेल्या घराचा विसावा भाग 400 रुपये. अशी 50 घरे धरली तर वर्षाला 2 लाख 40 हजार होतात. रोजमजुरीच्या घराला 400 जड जातात हे मला ठाऊक आहे. त्याने मूठभर तांदूळ द्यावे, आम्ही पगारदारांनी मात्र पूर्ण द्यावे. पण आज जी वर्गणी जमते ती जाते कुठे? कमानीला, मंडपाला, जयंतीच्या डीजेला. विहार बांधणे चूक नाही. विहारात रोज काय घडते हा प्रश्न आहे.

धम्माच्या पैशातून माणूस उभा राहतो याचे दाखले आहेत. नागपूरच्या दीक्षाभूमीवर 1964 साली महाविद्यालय सुरू झाले. 1979 साली स्थापन झालेल्या त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गणाच्या कार्यकर्त्यांनी ‘बहुजन हिताय’मार्फत खेड्यांतल्या मुलांसाठी वसतिगृहे चालविली. श्रीलंकेत ए. टी. आरियरत्ने या शिक्षकाने 1958 साली विद्यार्थ्यांना घेऊन खेड्यात श्रमदान सुरू केले आणि त्यातून हजारो गावांत पोचलेली सर्वोदय चळवळ उभी राहिली.

आपल्याला तीन कामे सहज करता येतील. पहिले, बियाणे निधी. मृगाआधी बियाणे द्यायचे, धान निघाल्यावर तेवढेच परत घ्यायचे, सवाई-दीडी नाही. दुसरे, कागदपत्रे. 2006 च्या वनहक्क कायद्यात बिगर-आदिवासींना तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा पुरावा लागतो. त्यात गावातल्या वडीलधाऱ्यांचे लेखी जबाबही चालतात. ही म्हातारी माणसे आहेत तोवर विहारात बसून त्यांचे जबाब लिहून घ्या. तिसरे, दहावी-बारावीनंतर शिष्यवृत्ती हातात पडेपर्यंत लागणारी फी उसनी देणे.

मे 2025 मध्ये आपल्याच तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. जंगलात वाघ आहे हे बायांना ठाऊक असते, तरी त्या जातात, कारण त्या पंधरा-वीस दिवसांच्या मजुरीवर पुढचा रोवणा उभा असतो. बियाण्याची चिंता नसती तर एखादी बाई तरी त्या दिवशी घरी राहिली असती.

एक चूकही कबूल करतो. आमच्या वस्तीत असा निधी एकदा निघाला होता. वही माझ्याकडे होती. ओळखीच्यांना भिडेखातर न लिहिता पैसे दिले, ते परत आले नाहीत, वर्षभरात निधी बुडाला. दोष माझा होता. म्हणून सांगतो, दर पौर्णिमेला जमा-खर्च फळ्यावर लिहा आणि वही महिला मंडळाकडे द्या.

विहार जमीन देऊ शकत नाही, रोजगार काढू शकत नाही. ती सरकारची जबाबदारी आहे आणि ती मागत राहिलेच पाहिजे. पण मागणाऱ्याच्या घरी बियाणे आणि हातात कागद असला तर त्याचा आवाज ठाम निघतो. येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर पायऱ्यांवर बसलेल्या बहिणींना आत बोलवा. सभेचा पहिला विषय त्यांनाच मांडू द्या.

जय भीम!