पायनघाटातले दात आणि परक्या मोजपट्ट्या

जुन्या महसुली दप्तरांत वऱ्हाडाचे जे दोन भाग सांगितले जात, ते दोन्ही बुलढाणा जिल्ह्यात एकत्र आले आहेत: घाटाखालचा, पूर्णेच्या खोऱ्यातला पायनघाट आणि अजिंठ्याच्या रांगेवरचा बालाघाट. मलकापूर, नांदुरा, शेगाव पहिल्यात. मेहकर, चिखली, लोणार दुसऱ्यात. यांतल्या कोणत्याही मुलुखात शेतकऱ्याच्या मुलीचे पुढचे दात ओठांबाहेर डोकावू लागले, की घरात आधी लग्नाचा, मग खर्चाचा आणि त्यानंतर एस.टी.च्या फेऱ्यांचा हिशेब मांडला जातो. दातांचा कोन किती अंशांचा, ते डॉक्टरने पाहावे. दात ओळीत आणण्याच्या विद्येने सव्वाशे वर्षांत मूल्यमापनाची जी साधने घडविली, ती या हिशेबाला कितपत उपयोगी पडतात, हेच येथे पाहावयाचे आहे.

अमेरिकेतील एडवर्ड अँगल यांनी 1899 साली वरच्या व खालच्या पहिल्या कायम दाढा एकमेकींवर कशा बसतात यावरून दंतवक्रतेचे तीन वर्ग पाडले, आणि ते आजही प्रत्येक दंतवैद्याच्या तोंडी आहेत. पुढे 1931 मध्ये ब्रॉडबेंट यांनी डोके एकाच स्थितीत स्थिर धरून क्ष-किरणचित्र घेण्याची रीत रूढ केली, तेव्हा जबड्याच्या हाडांचे कोन मोजता येऊ लागले. परंतु ज्या सरासरीशी हे कोन ताडून पाहावयाचे ती आली कोठून? डाउन्स यांनी 1948 साली प्रसिद्ध केलेले मानदंड उत्तम दंतरचना असलेल्या अवघ्या 20 गौरवर्णीय किशोरवयीनांवरून काढलेले होते. महाराष्ट्रीय चेहऱ्यांची स्वतंत्र मोजमापे पुढे झाली, त्यांत आपल्याकडील दात व ओठ त्या मानदंडांहून काहीसे पुढे असणे स्वाभाविक आढळले. परक्या आकड्याकडे बोट दाखवून चार निरोगी उपदाढा काढावयास सांगणाऱ्याला, मुलाच्या आईबापांचे चेहरे पाहिले काय, असे विचारण्यास हरकत नसावी.

कोणावर उपचार आधी करावा, हा प्रश्न निराळा आहे. ब्रूक आणि शॉ यांनी 1989 साली इंग्लंडात मांडलेल्या निर्देशांकात गरजेच्या पाच श्रेणी आहेत. वरचे पुढचे दात खालच्यांहून 9 मिलिमीटरपेक्षा अधिक पुढे असतील, किंवा ओठ-टाळू दुभंगलेले असतील, तर मूल पाचव्या, म्हणजे सर्वाधिक निकडीच्या श्रेणीत जाते. ही श्रेणी ठरवायला आरसा, पट्टी आणि शिकलेली नजर पुरते. यंत्रसामग्रीवाचून जिल्हा परिषदेच्या शाळेतही ही तपासणी होऊ शकते.

परंतु खरी गोम आहे ती काळाची. वाढत्या जबड्याचा लाभ घेण्यासाठी स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी 1977 च्या सुमारास काढता-घालता येणारे 'ट्विन ब्लॉक' हे उपकरण योजिले, आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलालाच ते बसवावे असा आग्रह अनेकांनी धरला. ओब्रायन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये मुलांचे यादृच्छिक गट पाडून केलेल्या चाचणीत, जिचे पहिले निष्कर्ष 2003 मध्ये व अखेरचे 2009 मध्ये आले, असे दिसले की दात मागे येतात खरे, पण त्यातला हाडांचा वाटा थोडा असतो; आणि लवकर उपचार झालेली मुले अखेरीस, किशोरवयात उपचार घेतलेल्यांहून सरस ठरत नाहीत. एवढे मात्र खरे, की लवकर उपचाराने पुढच्या दातांना पडझडीत होणारी इजा कमी होते. ज्या घरातून दवाखान्याला जायचे म्हणजे एकाची मजुरी बुडते, त्याला दोन टप्प्यांऐवजी एकच टप्पा पुरतो हे ज्ञान कोणत्याही नव्या तारेहून मोलाचे आहे.

तारांच्या उपचारात साधारण दीड-दोन वर्षे, चार ते सहा आठवड्यांनी फेरी घालावी लागते, आणि दाताला चिकटविलेला ब्रॅकेट मध्येच निखळला तर आणखी एक. ब्युओनोकोर यांनी 1955 साली दाखविलेल्या मार्गाने दाताचे वेष्टन आम्लाने खरखरीत करून तो चिकटवितात. फ्लोराइडच्या अतिरेकाने डागाळलेले वेष्टन आम्लाला दाद देत नाही, म्हणून तेथे जास्त सावधगिरी लागते. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्याचा मुख्य दोष क्षारांचा. फ्लोराइडचा दोष वेगळा. पाणी खारे म्हणून दात डागाळले, असा निकाल पाण्याची तपासणी केल्यावाचून देणे अशास्त्रीय होय.

थांबणे ज्यात मुळीच परवडत नाही, ते दुभंगलेले टाळू व ओठ. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या व्यंगाचा समावेश असून, त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात. ओठ शिवून झाला की काम संपले, असे घरच्यांना वाटते. पण सुळा उगवण्यापूर्वी, साधारण आठ ते अकराव्या वर्षाच्या दरम्यान, हिरडीतील हाडाच्या फटीत हाड भरावे लागते, आणि त्याआधी जबडा रुंद करण्याचे काम तारांचेच असते.